सोळा महिन्यांची मुलगी फक्त मिक्सरमधलं खाते, शीत लागलं की उमासा काढते: काय करावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर सांगता येईल. मुलगी १६ महिन्यांची. वजन ९ किलो १०० ग्रॅम, पहिल्या वाढदिवसाला ८ किलो ४०० होतं. चालते, चार-पाच शब्द बोलते, दिवसभर खेळते. जेवण म्हणजे मिक्सरमधून गंधासारखी वाटलेली खिचडी किंवा वरण-भात, तेही मोबाईलवर गाणी लावून. एखादं शीत राहिलं तर उमासा काढते, कधी सगळं ओकते. पूर्ण साईचं पिशवीचं दूध दिवसाला चार बाटल्या, प्रत्येकी २४० मिलिलिटर, त्यातली एक मध्यरात्री झोपेतच. तुम्ही नोकरी करता, दिवसभर सासूबाई सांभाळतात, आणि ‘काही खात नाही’ यावरून घरात रोज ताण होतो. तुमचा प्रश्न आहे, हिला घट्ट अन्न खायला कसं लावायचं.

मी बरीच वर्षं बालरोग विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. अगदी या वयाची, याच तक्रारीची मुलं आमच्याकडे सतत येतात. पुढे जे लिहिते आहे ते वजन ठीक वाढणाऱ्या, एरवी निरोगी मुलांसाठी आहे. मूल खूप आधी जन्मलेलं असेल, वजन थांबलं असेल, पाणी पितानाही ठसका लागत असेल, टाळूचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा बसणं-चालणं-बोलणं मागे असेल, तर हा क्रम जसाच्या तसा वापरू नये. तिथे आधी डॉक्टरांनी तपासायला हवं. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तुमची मुलगी त्या गटात दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १६ महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ९.८ किलोच्या आसपास असतं. तुमची त्याच्या थोडी खाली आहे, पण वर्षाची होती तेव्हाही थोडी खालीच होती. म्हणजे ती स्वतःच्या रेषेवरून पुढे सरकते आहे, आणि वजनाच्या बाबतीत मी त्या रेषेकडेच बघते. शेजारचं मूल किती गुटगुटीत आहे याला इथे काही महत्त्व नाही.

आता मूळ मुद्दा. ‘खात नाही’ या एका तक्रारीत तुमच्याकडे तीन गोष्टी गुंतल्या आहेत: पोट दुधाने भरलेलं आहे, तोंडाला चावायचा सराव नाही, आणि जेवण ही रोजची झटापट झाली आहे. तिन्ही एकदम सोडवायला गेलं तर एकही सुटत नाही. माझा अनुभव असा की क्रम पाळला तर बहुतेक घरांत काम होतं: आधी दूध, मग अन्नाचा पोत, आणि सुरुवातीपासूनच बळजबरी बंद.

दुधाचा हिशेब मांडून बघू. चार बाटल्या म्हणजे ९६० मिलिलिटर. पूर्ण साईच्या दुधात १०० मिलिलिटरमागे साधारण ८५ किलोकॅलरी असतात, म्हणजे दिवसाच्या आठशेच्या वर झाल्या. या वयात किलोमागे ८० च्या आसपास गरज धरली तर नऊ किलोच्या मुलीला सव्वासातशे-साडेसातशे लागतात. तिची दिवसाची सगळी गरज बाटलीतूनच पूर्ण होते आहे, उलट थोडी जास्तच. सासूबाई जो वाडगा घेऊन मागे फिरतात, तो भरलेल्या पोटावर चाललेला असतो. तिने तोंड फिरवलं तर ते तिचं शरीर बरोबर सांगतं आहे.

त्यात आणखी एक नैसर्गिक गोष्ट घडते, जी आईवडिलांना कुणी आधी सांगत नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन ते अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. दहाव्या महिन्यात वाटीभर खाणारं मूल सव्वा वर्षाचं झाल्यावर चार घासांवर थांबतं, आणि घरात सगळे घाबरतात. घाबरून दुधाची बाटली वाढते, आणि मग जी थोडीफार भूक उरलेली असते तीही जाते. तुमच्याकडे बहुधा हेच झालं असावं.

पण मुलगी वाढते आहे तर दूध चालू द्यावं का? नाही. कारण लोह. लिटरभर गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात लोह नगण्य असतं, आणि दुधातलं कॅल्शियम व केसिन हे प्रथिन इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ८ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावं असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं २०२० चं परिमाण सांगतं. दुधावर वाढणारं मूल गोरंगोमटं, गुबगुबीत दिसू शकतं आणि तरीही त्याच्या रक्तात लोह कमी असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे ही गोष्ट फक्त गरीब घरांतली नाही. आणि लोह कमी झालं की भूक आणखी मंदावते, मूल चिडचिडं होतं. त्यामुळे तुमच्या मुलीचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्याच. कमी निघालं तर लोहाचे थेंब किंवा सिरप डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत द्यायचं. ते अन्नातून भरून काढू म्हणून थांबायचं नाही. सरकारी कार्यक्रमातही या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप देतात, आशाताईंकडे चौकशी करा.

दूध किती ठेवायचं? दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर, त्यात दही आणि पनीरही मोजायचं. एका दिवसात चारवरून दोन बाटल्यांवर येऊ नका, रडारड होईल आणि घरातलं कुणीतरी तिसऱ्या दिवशी हार मानेल. मी सांगते तो क्रम असा. पहिली जाते ती जेवणाआधीच्या तासाभरातली बाटली, कारण भूक मारायचं काम तीच करते. दुसरी मध्यरात्रीची. तिच्यात दर दोन-तीन दिवसांनी ३० मिलिलिटर कमी करत जा, आणि शेवटी जागी झालीच तर थोपटणं आणि दोन घोट पाणी. झोपेत तोंडात राहिलेलं दूध पुढच्या दातांना कीड लावतं, म्हणूनही ही बाटली जायला हवी. उरलेलं दूध जेवणानंतर किंवा सकाळ-संध्याकाळ, आणि शक्यतो पेल्यातून. छोट्या स्टीलच्या पेल्यात अर्धा इंच दूध घालून तिच्या हातात द्या. सांडेल, चालेल. पेल्यातून मुलं आपोआप कमी दूध पितात.

पहिल्या तीन-चार दिवसांसाठी मनाची तयारी ठेवा. दूध कमी होईल, पण जेवण लगेच वाढणार नाही. मधल्या दिवसांत ती एकूण कमीच खाईल. याच टप्प्यावर बहुतेक घरं मागे फिरतात. तुम्ही दोनच गोष्टी बघा: ती खेळते आहे ना, आणि दिवसातून पाच-सहा वेळा लघवी होते आहे ना. ते ठीक असेल तर थांबा. भूक परत यायला तिला थोडा वेळ द्यावा लागतो. मात्र ताप, जुलाब, सर्दी चालू असताना हा प्रयोग सुरू करू नका, आणि तुम्ही अंगावर पाजत असाल तर ते बंद करायची गरज नाही. त्याच्या वेळा तेवढ्या जेवणापासून दूर ठेवा.

आता तोंडाकडे येऊ. उमासा म्हणजे तिचा हट्ट नाही, हे आधी घरात सगळ्यांना पटवा. दूध ओढताना जीभ पुढे-मागे चालते. चावताना ती आडवी जाते, घास हिरड्यांवर ढकलते, तिथे चेंगरते, मग गोळा करून मागे नेते. ही आडवी हालचाल साधारण सातव्या ते नवव्या महिन्यात शिकायची असते, आणि ती फक्त चावण्यासारखं काहीतरी तोंडात आल्यावरच शिकता येते. मिक्सरमधलं अन्न जिभेवरून थेट घशात उतरतं, त्यामुळे जिभेला काही करावंच लागत नाही. शिवाय लहान बाळांत उमाशाची जागा जिभेवर बरीच पुढे असते. वेगवेगळे पोत तोंडात येत गेले की ती हळूहळू मागे सरकते. तुमच्या मुलीची ती अजून पुढेच असावी, म्हणून एका शिताने उमासा येतो.

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या हजारो मुलांचा पाठपुरावा केला गेला. त्यात ज्यांना गुठळ्या असलेलं अन्न नवव्या-दहाव्या महिन्यांनंतर सुरू झालं, ती मुलं सातव्या वर्षीही खाण्यात जास्त चोखंदळ आढळली. हे सांगते ते तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून नाही. वाचणाऱ्या इतर आयांनी उष्टावणानंतर दोन-तीन महिन्यांत मिक्सर बाजूला ठेवावा म्हणून. सोळाव्या महिन्यातही हे शिकता येतं. आठव्या महिन्यात जे सहज झालं असतं त्याला आता काही आठवडे लागतील, एवढंच.

पोत वाढवताना आपल्या स्वयंपाकघरात सगळी साधनं आहेत. मी पायऱ्या अशा देते. आज मिक्सर जेवढा फिरवता त्याच्या निम्मा फिरवा, आणि पाणी कमी घाला. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकं घट्ट हवं. तीन-चार दिवस ते बिनतक्रार गेलं की मिक्सर बंद, पुरणयंत्रातून किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीतून खिचडी काढा. त्यात बारीक कण राहतात, पण सगळे एकसारखे. मग रवीने घोटलेली. मग पळीच्या किंवा चमच्याच्या पाठीने दाबलेली. शेवटी तुमच्या बोटांनी ताटातच कुस्करलेली. एका पायरीवर ती किती दिवस राहील ते तिच्यावर आहे, कुणी तीन दिवसांत पुढे जातं, कुणी दोन आठवडे घेतं. उमासा वाढला तर एक पायरी मागे या, पण पुन्हा मिक्सरवर जाऊ नका.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सर्वात अवघड पोत घट्ट अन्नाचा नसतो, तो पातळात पोहणाऱ्या तुकड्यांचा असतो. पातळ वरणात मोकळी शितं, भाजीचे तुकडे असलेलं सूप, दुधात भिजलेले पोहे. यात तोंडाला पातळ गिळायचं आणि तुकडा धरून चावायचा अशी दोन कामं एकाच वेळी करावी लागतात, आणि सराव नसलेलं मूल तिथे ठसकतं. ‘आधी पातळ देऊ, मग थोडी शितं टाकू’ हा मार्ग वाटतो सोपा, पण उलटा पडतो. त्यापेक्षा घट्ट मुगाची खिचडी, वरून तूप, सगळीकडे सारखी मऊ, ही तिला सोपी जाईल. मेतकूट-भात, दही-भात, भाकरीचा आतला मऊ भाग घट्ट वरणात पूर्ण मुरवून कुस्करलेला, उकडलेलं रताळं, लाल भोपळा, मऊ उपमा, सगळं याच जातीचं.

चमच्याच्या पायऱ्या चालू असतानाच, त्यांची वाट न बघता, तिच्या हातात अन्न द्यायला सुरुवात करा. घास दुसऱ्याच्या हातातून येतो तेव्हा त्यात काय असेल हे मुलाला कळत नाही, म्हणून ते तोंड मिटतं. स्वतःच्या बोटांनी दाबून बघितलेली वस्तू तोंडात जाते तेव्हा भीती बरीच कमी असते. तुमच्या बोटाएवढी लांब, दोन बोटांत सहज चेंगरेल इतकी मऊ पट्टी करा: मुगाचं धिरडं, घावन, इडली, ऑम्लेट, शिजलेलं गाजर किंवा भोपळा, पिकलेलं केळं, पपई. तिने ती नुसती कुस्करली, केसांना लावली, जमिनीवर टाकली तरी ती शिकते आहे. चाखलं तर उत्तम. आणि पट्टी भरवायची असेलच तर जिभेच्या मध्यावर ठेवू नका, गालाच्या बाजूला, दाढांच्या जागी हिरड्यांवर टेकवा. जीभ आपोआप त्या बाजूला वळते, आणि हीच ती आडवी हालचाल. दाढा नाहीत म्हणून थांबू नका, मऊ अन्न हिरड्या व्यवस्थित चेंगरतात.

बसणं महत्त्वाचं आहे. कडेवर, पाळण्यात, चालता-चालता, आडवं पडून अजिबात नाही. पाठ ताठ आणि पाय कशावर तरी टेकलेले हवेत. महागडी खुर्ची लागत नाही. जमिनीवर पाटावर, पाठीला भिंत किंवा आजीची मांडी, समोर छोटं ताट, आणि शेजारी घरातलं कुणीतरी तेच जेवत असलेलं. मूल चावायला मोठ्यांच्या तोंडाकडे बघून शिकतं, म्हणून तिला एकटीला आधी भरवून मोकळं होण्यापेक्षा निदान रात्रीचं जेवण एकत्र करा.

उमासा आणि घास अडकणं यातला फरक घरातल्या प्रत्येकाने शिकून घ्यावा. उमाशात आवाज होतो, तोंड लाल होतं, डोळ्यांत पाणी येतं, जीभ बाहेर येते, आणि घास पुढे येतो. अशा वेळी ओरडू नका, पाठीवर धपाटे मारू नका, शांतपणे बघत राहा. तुम्ही दचकलात की ती दचकते आणि पुढच्या घासाला तोंड उघडत नाही. अडकतं तेव्हा आवाज येत नाही, रडता-खोकता येत नाही, ओठ निळसर पडू लागतात. तिथे एक सेकंदही थांबायचं नाही. त्यासाठीचे प्रथमोपचार डॉक्टरांकडून किंवा प्रशिक्षणातून आधीच हाताने करून शिका, घास दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खे काजू-बदाम, डाळिंबाचे दाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे, पॉपकॉर्न, गोळ्या, हे चार-पाच वर्षांपर्यंत या रूपात नको. द्राक्षं उभी चार भाग करून, शेंगदाणे बारीक कूट करून.

इथपर्यंतचं एकदा गोळा करते. पहिला आठवडा: जेवणाआधीची बाटली बंद, रात्रीची कमी करायला सुरुवात, मिक्सर निम्मा. दुसरा आठवडा: मिक्सर बंद, पुरणयंत्र, रोज एका वेळेला हातात पट्टी. पुढे तिच्या वेगाने. दिवसातून तीन जेवणं आणि दोन छोटी खाणी, मध्ये अडीच-तीन तासांचं अंतर, आणि त्या अंतरात फक्त पाणी. बिस्किट नाही, चहात बुडवलेलं तर नाहीच, कारण चहा लोहाचं शोषण रोखतो.

आता बळजबरीचं आणि मोबाईलचं. अमेरिकेत १९२० च्या दशकात क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतंच दूध सुटलेल्या बाळांपुढे साधे, न गोड केलेले तीसेक पदार्थ ठेवले आणि दाईंना सक्त ताकीद दिली की काही सुचवायचं नाही, भरवायचं नाही. बाळं एका जेवणात एकच पदार्थ खूप खात, दुसऱ्यात भलतंच, कधी जवळजवळ काहीच नाही. महिनोन्महिने बघितलं तर ती छान वाढली. त्यांनीच पुढे सांगितलं की खरी गोम पदार्थांच्या यादीत होती, बाळांपुढे वाईट निवड ठेवलेलीच नव्हती. मी घरांना जे सांगते ते यावरच उभं आहे: काय द्यायचं, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. तिने तोंड फिरवलं, ओठ मिटले, हाताने ढकललं की घास थांबवायचा. वीस-तीस मिनिटांत ताट उचलायचं, न रागावता, आणि त्याच्या जागी दुधाची बाटली द्यायची नाही. पुढचं खाणं अडीच तासांनी येणारच आहे.

मोबाईल चालू असताना मूल खातं हे खरं आहे. पण ते खाणं तिच्या लक्षात येत नाही, चव नाही, पोट भरल्याची जाणीव नाही, आणि चावायचं लक्षही नाही. भारतीय बालरोग संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच म्हणते. सगळ्या जेवणांतून एकदम काढणं तुम्हाला जड जाईल, म्हणून ज्या जेवणाला ती सर्वात ताजी असते, बहुतेक घरांत सकाळचा नाश्ता, तिथून सुरुवात करा. आठवडाभराने दुसरं. चिऊ-काऊचे घास आणि गोष्टी चालतील, फक्त तोंड बंद असताना गोष्टीच्या नादात घास आत सरकवायचा नाही.

सासूबाईंबद्दल तुम्ही थोडं चिडून लिहिलं आहे, ते समजतं. पण दिवसाचे आठ-नऊ तास त्या एकट्या हे सांभाळतात, आणि मूल जेवलं नाही तर आपण कमी पडलो असं त्यांना वाटतं. त्यांना ‘असं करू नका’ एवढंच सांगितलं तर काही बदलणार नाही. त्यांना डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा, म्हणजे वजनाची रेषा त्यांनी स्वतः बघावी. आणि त्यांना काम द्या: धिरडी-घावन त्यांच्याइतकी मऊ कुणाला जमतील? मुलीने किती खाल्लं हे संध्याकाळी विचारू नका, तिने आज काय हातात घेतलं, काय चाखलं ते विचारा. आमच्या विभागात ज्या घरांत आजी या बाजूला आली, तिथे काम निम्म्या वेळात झालेलं मी बघितलं आहे.

काय द्यायचं याबद्दल फार लिहीत नाही, आपलं रोजचं जेवण पुरेसं आहे. फक्त तीन गोष्टी. पहिली, मांसाहार चालत असेल तर अंडं, शिजवून बारीक केलेला खिमा, काटे काढलेला मासा, कोंबडीची कलेजी थोडीशी. यातलं लोह सर्वांत चांगलं लागू पडतं. शाकाहारी असाल तर मोड आलेली मटकी-मूग साल काढून मऊ शिजवलेले, डाळी, आणि वरून लिंबू किंवा शिजवताना टोमॅटो, कारण क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. लोखंडी कढईतली भाजीही उपयोगाची. गूळ आणि खजूर यांच्यावर लोहासाठी विसंबू नका, त्यातून मिळतं ते थोडं, आणि गोडाची सवय मात्र लागते. नाचणी अवश्य द्या, कॅल्शियमसाठी ती उत्तम आहे, दूध कमी केल्यावर तुमची ती काळजीही थोडी हलकी होईल. दुसरी गोष्ट, प्रत्येक जेवणात चमचाभर तूप किंवा तेल, म्हणजे थोड्या घासांतही ताकद राहते. तिसरी, नवा पदार्थ एकदा नाकारला म्हणजे नावडता झाला असं नाही. आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. ओळखीच्या पदार्थाशेजारी नव्याचा एक छोटा चमचा, काही न बोलता.

भुकेचं टॉनिक विचारलं आहे म्हणून लिहिते. दुकानातून आणून देऊ नका. भूक वाढवायला वापरलं जाणारं सायप्रोहेप्टाडीन हे मुळात ॲलर्जीचं औषध आहे, त्याने मुलाला गुंगी येते, आणि तुमच्या मुलीची अडचण औषधाने सुटणारी नाही. जंतांचं औषध वर्षाच्या पुढे सरकारी मोहिमेत मिळतं, वयानुसार अर्धी गोळी चुरून, ते जरूर द्या, पण त्याने शीत चावता येणार नाही. बद्धकोष्ठ आहे का ते मात्र बघा. जास्त दूध पिणाऱ्या मुलांची शी कडक होते, आणि पोट साफ नसलं की भूक लागत नाही.

दूध कमी होऊन, पायऱ्या पाळून महिना-दीड महिना झाला आणि तरीही ती पुरणयंत्राच्या पोतावरही दरवेळी ओकत असेल. गिळताना खोकला किंवा घरघर येत असेल. हाताला ओलं-चिकट लागलं तरी घाबरत असेल. एकाच रंगाचं किंवा एकाच कंपनीचंच खात असेल. हाक मारल्यावर बघत नसेल किंवा बोललेले शब्द मागे गेले असतील. माती, खडू, भिंतीचा चुना खात असेल. तर घरचे उपाय पुरे, दाखवायला हवं. खाण्या-गिळण्यावर काम करणारे स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात. मोठ्या शहरात खासगी मिळतात, आणि जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे हे मोफत होतं. लवकर गेलेल्या मुलांना थोड्या बैठकांत फरक पडतो.

आणि वजन. रोज करू नका, आठवड्यालाही नको. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, साधारण त्याच वेळी, अंगावर हलके कपडे ठेवून. अंगणवाडीचा काटा चालेल. आकडा माता-बाल संरक्षण कार्डाच्या आलेखावर ठिपका करून लिहा. पहिल्या महिन्यात शे-दोनशे ग्रॅम वाढलं तर छान, तेवढंच राहिलं तरी मी काळजी करणार नाही. कमी झालं, किंवा सलग दोन महिने हललं नाही, तर दूध आणखी कमी करणं थांबवा आणि कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिनचा आकडा आला की इथे लिहा, त्यावरून पुढचं खाणं कसं बसवायचं ते सांगते.